क्षयाचा जंतू कोणत्या घरचा?



घरात कुणाला टीबी निघाला की आपण डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारतो. बरा होईल ना? आणि दुसऱ्या कुणाला लागणार तर नाही ना? ‘कोणता टीबी?’ हा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तर मिळतं, फुप्फुसाचा, गाठीचा, हाडाचा, मेंदूच्या आवरणाचा. म्हणजे दुखणं शरीरात कुठे बसलंय ते कळतं. ते कोणत्या जंतूने दिलं, हे त्यात येत नाही. आजचं बोलणं या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. प्रश्न सव्वाशे वर्षांचा जुना आहे आणि त्याच्या उत्तराचा काही भाग आपल्या नागपुरात शोधला गेला आहे.

क्षयाचा जंतू एक नाही, ते एक कूळ आहे. माणसाला बहुतेक वेळा गाठतो तो मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस. गाईगुरांत आढळणारा त्याचा भाऊबंद म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोविस. आणखी एक आहे ओरिजिस, त्याच्याकडे पुढे येऊ. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे सारखे, लाल रंग धरून बसलेल्या बारीक काड्या. १९९८ साली ट्युबरक्युलोसिसच्या जंतूची सगळी जनुकीय लिपी वाचून झाली. ती ४४ लाख अक्षरांची निघाली. २००३ मध्ये बोविसची लिपी वाचली तेव्हा दोघांत ९९.९५ टक्के साम्य सापडलं. एकाच पोथीच्या दोन नकला, फक्त एका नकलेत काही ओळी गळलेल्या आणि काही अक्षरं बदललेली.

मग एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? टीबीच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं असतात. त्यातलं एक पायराझिनामाइड. बोविसवर ते चालतच नाही. त्याच्या लिपीत एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं आहे, आणि त्यामुळे ही गोळी जंतूच्या पोटात जाऊन विष होण्याऐवजी नुसतीच पडून राहते. चार औषधांतलं एक पहिल्या दिवसापासून वाया. म्हणून जंतू बोविस आहे हे माहीत असेल तर डॉक्टर सहा महिन्यांऐवजी साधारण नऊ महिने औषध देतात. माहीत नसेल तर सहा महिन्यांनी कोर्स पूर्ण झाला असं म्हणून मोकळे होतात.

आता थोडं मागे जाऊ. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. तोच दिवस आपण आता जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतो. माणसाचा क्षय आणि गाईचा क्षय हे एकाच जंतूचं काम, असं तेव्हा धरलं गेलं. १८९८ मध्ये थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने दोन्हींचे जंतू शेजारी शेजारी वाढवले आणि हे दोघे वेगळे असल्याचं दाखवलं. इथपर्यंत ठीक होतं. पण १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत कॉख उभा राहिला आणि स्मिथच्याही पुढे गेला. गाईच्या जंतूपासून माणसाला जवळपास धोका नाही, तेव्हा दुधासाठी वेगळी खबरदारी घेण्याची गरज नाही, असं तो म्हणाला. जंतू ज्याने शोधला त्याचंच हे बोलणं. दुधाचे कायदे कडक करा म्हणून जे डॉक्टर भांडत होते त्यांची काय अवस्था झाली असेल!

ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी एक रॉयल कमिशन नेमलं. त्याने दहा वर्षं काम केलं. आजारी माणसांच्या शरीरातून जंतू काढायचे, ते ससे, गिनीपिग आणि वासरांना टोचायचे आणि थांबायचं. ससा मेला तर जंतू बहुधा गाईचा, तगला तर माणसाचा. एकेका नमुन्याला महिने लागत. १९११ मध्ये अहवाल आला: गाईचा क्षय दुधातून माणसाला होतो, विशेषतः लहान मुलांना, आणि तो पोटात आणि मानेच्या गाठींत जास्त दिसतो. मानेच्या गाठींना आपल्याकडे गंडमाळ म्हणतात. आपल्याकडची प्रत्येक गंडमाळ दुधातून आलेली असते असा याचा अर्थ नाही. इथे बहुतेक गाठींमागे माणसाचाच जंतू असतो. पण कॉख चुकला होता, हे सशांनी सिद्ध केलं.

हे जंतू वेगळे ओळखता आले नाहीत तर काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण तुमच्या-माझ्या दंडावरच्या खुणेशी जोडलेलं आहे. बीसीजीची ती खूण. बीसीजी म्हणजे माणसाळवलेला बोविस. फ्रान्समध्ये कॅल्मेट आणि गेरँ या दोघांनी १९०८ पासून गाईचा जंतू पित्तात भिजवलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नवा बटाटा, असं तेरा वर्षं, २३० वेळा. शेवटी त्याची रोग करण्याची ताकद गेली. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिली लस एका नवजात बाळाला दिली. त्याची आई क्षयाने गेली होती, आणि ज्या आजीकडे ते वाढणार होतं तिलाही क्षय होता. तेव्हा लस पाजत असत. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक गावात अडीचशेच्या आसपास बाळांना ती पाजली, आणि सत्तरहून जास्त बाळं क्षयाने दगावली. त्या प्रयोगशाळेत रोगट मानवी जंतूही वाढवलेला होता आणि तो लशीत मिसळला होता. बाटलीकडे बघून, भिंगाखाली बघून, कुणालाही फरक कळला नसता. आयांनी आपल्या हाताने पाजलं होतं ते.

त्या बटाट्यांवर जंतूने नेमकं काय गमावलं, हे कळायला १९९६ उजाडावं लागलं. त्याच्या लिपीतला एक मोठा तुकडा गळून गेला होता. शास्त्रज्ञ त्याला आरडी-१ म्हणतात. या गळलेल्या तुकड्याचा उपयोग आपल्या शेजारी, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाला. हातावर टोचून घेतली जाणारी जुनी चाचणी बीसीजी घेतलेल्यांतही फुगू शकते, त्यामुळे क्षयाची बाधा आहे की लशीचीच आठवण आहे, हे तिच्यातून नक्की कळत नाही. नवी रक्तचाचणी आरडी-१ मधल्या प्रथिनांवर आधारलेली आहे. ती प्रथिनं बीसीजीत नाहीतच, म्हणून लस तिला फसवू शकत नाही. सेवाग्रामला ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जवळपास निम्म्यांत या ना त्या चाचणीने बाधा दिसली. बाधा म्हणजे आजार नव्हे, जंतू अंगात झोपलेला. तरी निम्मे!

हिंदुस्थानात त्या काळी काय चाललं होतं? १९२० च्या दशकात एम. बी. सोपारकर यांनी आपल्या देशी गुरांना क्षयाची बाधा किती सहज होते यावर प्रयोग केले. पण विलायतेत या विषयाला जो जोर होता तो इथे कधी आला नाही. एक कारण चांगलं आहे: आपण दूध उकळतो. क्षयाचा जंतू ७२ अंशांवर १५ सेकंदांत मरतो, आणि आपल्याकडे तर दूध वर येईपर्यंत गॅसपुढून हलायचं नाही अशी शिस्त. दुसरं कारण तेवढं चांगलं नाही. गोठ्यातलं धारोष्ण दूध ताकदीचं, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. धार काढता काढता मुलाच्या तोंडात सोडलेली धार पुष्कळ जणींना आठवत असेल. निरसं दूध घालून केलेल्या गोष्टीही आहेत. आणि धार काढणारी, शेण काढणारी, आजारी जनावराला चारा घालणारी बाई त्याच्या श्वासाच्या अगदी जवळ असते. तिचं दूध उकळलं तरी ती हवा उकळत नाही.

बरं, इतकी वर्षं आपल्या प्रयोगशाळांत हे जंतू वेगळे का ओळखले गेले नाहीत? यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाहीच खरं तर. जंतू वाढवायला अंड्याचं जे नेहमीचं माध्यम वापरतात त्यात ग्लिसरीन असतं. माणसाच्या जंतूला ते मानवतं. बोविस त्यावर नीट वाढत नाही, त्याला दुसरं खाद्य लागतं. म्हणजे पाहुणा आला, पण पानात त्याला चालणारं काही वाढलंच नाही. तो जेवला नाही, आणि आपण म्हणालो की तो आलाच नव्हता.

खाद्याचा हा घोळ सुटला तो जंतू न वाढवता त्याची लिपीच वाचण्याने. १९८३ मध्ये कॅरी म्युलिसने पीसीआरची युक्ती काढली. लिपीतला हवा तो तुकडा निवडायचा आणि तापवणं-थंड करणं यांच्या फेऱ्यांतून त्याच्या कोट्यवधी नकला काढायच्या, म्हणजे नमुन्यात मूठभर जंतू असले तरी दिसतात. हे तंत्र ज्या दुखण्यासाठी सगळ्यात निकडीचं होतं ते म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षय.

ज्या घराने हा पाहिला आहे त्या घराला वर्णन करून सांगायला नको. मूल आठ-पंधरा दिवस किरकिरतं, ताप येतो-जातो, ओकाऱ्या होतात, मग झोपाळू होतं, मग ओळखत नाही. पाठीतलं पाणी काढतात. त्या पाण्यात जंतू इतके थोडे असतात की भिंगाखाली क्वचितच दिसतात. वाढवायला ठेवले तर सहा ते आठ आठवडे, आणि मुलाजवळ तेवढे दिवस नसतात. दुसऱ्या जंतूंचा मेंदूज्वरही असाच दिसतो, त्याचं औषध मात्र पूर्ण वेगळं.

नागपुरात बजाजनगरला सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जी. एम. तावरी यांनी ती उभी केली. मध्य भारतातून मेंदूज्वराचे रुग्ण तिथे येत, आणि हॉस्पिटलबरोबर संशोधनाची प्रयोगशाळाही चालत होती. तिथे डॉ. हातिम दागिनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकच प्रश्न लावून धरला: पाठीतल्या या थोड्याशा पाण्यातून टीबी लवकर कसा ओळखायचा? २००७ मध्ये त्यांनी आयएस-६११० नावाच्या तुकड्यावर आधारलेल्या पीसीआरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्या नीरीतले डॉ. हेमंत पुरोहितही होते. हवापाण्याचं प्रदूषण मोजणारी संस्था म्हणून आपण नीरीला ओळखतो, पण जंतूंची लिपी वाचणारी माणसंही तिथे होती. २०११ मध्ये याच गटाने आणखी सोपी पद्धत तपासली. तिच्यात तापवणं-थंड करणं नाही. साठ-पासष्ट अंशांवर एकाच तापमानात नमुना ठेवायचा, तासाभरात निकाल. महागडं यंत्र नसलेल्या दवाखान्यालाही परवडावी, हा हेतू.

आयएस-६११० का निवडला? कारण जंतूच्या लिपीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, त्यामुळे तो सापडायला सोपा. पण हा तुकडा साऱ्या कुळात आहे. माणसाचा जंतू असो, गाईचा असो, चाचणी ‘होय’ म्हणणार. म्हणजे नागपूरच्या या कामाने पहिली पायरी चढली: हा टीबी आहे की दुसरा मेंदूज्वर? माझ्या मते मुलाचा जीव वाचतो तो याच पायरीवर, आणि हे काम आपल्या गावातल्याच लोकांना पुरेसं माहीत नाही. दुसरी पायरी, म्हणजे टीबी तर टीबी, पण कोणता, ती यापुढची.

त्या पायरीवर दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये पाय ठेवला. त्यांनी एक वेगळं जनुक निवडलं, एचयूपीबी. बोविसमध्ये या जनुकातली २७ अक्षरं गळलेली असतात, त्यामुळे दोन भाऊ वेगळे पडतात. पाठीतल्या पाण्याचे २१२ नमुने तपासले. माणसाचा जंतू ६ नमुन्यांत, बोविस ३६ नमुन्यांत, आणि दोन्ही एकत्र २२ नमुन्यांत. सगळ्यांच्या अपेक्षेच्या अगदी उलट. कॉखची १९०१ ची बेफिकिरी आपणही शंभर वर्षं चालवली की काय, असं वाटायला लावणारा हा आकडा होता.

पण इतिहास एका आकड्यावर थांबत नाही. २०२० मध्ये वेल्लोरमधले टीबीचे ९४० नमुने तपासून झाले, आणि त्यांत गाईचा खरा बोविस एकही निघाला नाही! निघाला तो ओरिजिस, सात जणांत. ओरिक्स नावाच्या हरणावरून त्याचं नाव पडलं. २०१२ पर्यंत तो स्वतंत्र भाऊ म्हणून नीट नोंदलाही गेला नव्हता. त्या अभ्यासाचं म्हणणं असं, की आपल्या देशात जनावरांकडून येणारा टीबी शोधायचा तर फक्त बोविस शोधून चालणार नाही. दिल्लीचे नमुने पाठीच्या पाण्याचे होते, गाव वेगळं, चाचणी वेगळी, त्यामुळे एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं असं मी म्हणणार नाही. पण शंभर वर्षं आपण ‘माणसाचा की गाईचा’ असा दोन दारांचाच विचार करत होतो, आणि घराला तिसरं दार निघालं, हे खरं.

या गळलेल्या तुकड्यांनी आणखी एक जुनी समजूत मोडली. माणसाने गुरं पाळली तेव्हा त्यांच्याकडून त्याला क्षय लागला, असं पुस्तकांत लिहिलेलं असे. २००२ मध्ये या कुळाच्या लिप्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा दिसलं, की जे तुकडे बोविसने गमावले ते माणसाच्या जंतूत शाबूत आहेत. गळलेला तुकडा परत उगवत नाही. तेव्हा माणसाचा जंतू बोविसचा वंशज असू शकत नाही. गाय या एका आरोपातून सुटली.

म्हणून गाईचा क्षय नाहीच असं मात्र नाही. २०१८ मध्ये देशभरातले जुने अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की भारतातल्या सुमारे ७.३ टक्के गुरांना ही बाधा असावी, म्हणजे दोन कोटींहून जास्त जनावरं. विलायतेत चाचणीत सापडलेलं जनावर मारून टाकत आणि मालकाला भरपाई देत. तो मार्ग आपला नाही, कायद्यानेही नाही आणि मनानेही नाही. दारची गवळाऊ किंवा नागपुरी म्हैस घरातल्या माणसासारखी असते. म्हणून आपल्याला जंतू ओळखण्यावर आणि दूध तापवण्यावर जास्त भर द्यावा लागतो. नागपूर यासाठी बरी जागा आहे. पशुवैद्यक महाविद्यालय इथे १९५८ पासून आहे, पशुविद्यापीठ २००० पासून, आणि माणसांचे व जनावरांचे आजार एकत्र अभ्यासणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी इथेच बसली.

सरकारी दवाखान्यात आज जी तपासणी होते, सीबीनॅट किंवा गोव्यात बनलेलं ट्रूनॅट, ती पहिल्या पायरीची आहे. दोन-एक तासांत टीबी आहे की नाही सांगते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही कळतं. हे फार मोठं काम आहे. आणखी एक उपयोग असा, की भिंगाखाली टीबीसारखेच दिसणारे, पण माती-पाण्यात राहणारे दूरचे नातेवाईक जंतू असतात, त्यांना ही चाचणी बाजूला काढते. त्यांची औषधं वेगळी असतात. पण कुळातला नेमका भाऊ कोणता, हे ती सांगत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पुढची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत करावी लागते. सगळ्यांना तिची गरजही नसते. औषध नीट घेऊनही गाठ उतरत नसेल, आतड्याचा किंवा मेंदूचा टीबी असेल, घरी गुरं असतील, निरसं दूध पोटात जात असेल, तर हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगायचं. ते विचारतील म्हणून थांबायचं नाही.

शेवटी एक अगदी व्यवहारातली गोष्ट. मानेची गाठ काढली की तिचा तुकडा बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात, ‘हे लॅबला नेऊन द्या’. बहुतेक वेळा ती बाटली धरून रिक्षात बसणारी आपल्यातलीच कुणीतरी असते. बाटलीत फॉर्मॅलिन असतं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो आणि त्याची लिपीही खराब होते. मग तो वाढवता येत नाही, आणि कोणता होता ते शोधणं अवघड होऊन बसतं. म्हणून गाठ काढण्याच्या आधीच, बाटली हातात पडल्यावर नव्हे, सर्जनना विचारायचं: ‘डॉक्टर, थोडा तुकडा सलाइनमध्येही ठेवाल का, टीबीच्या तपासणीसाठी?’ दोन बाटल्या, दोन्हींवर नाव, आणि सलाइनची बाटली त्याच दिवशी लॅबमध्ये पोचली पाहिजे.